सनद पाच वर्षांची, पैसा हजेरीचा: कॅलिफोर्नियातील चार्टर शाळांचा कारभार

अमुक गावाचे अमुक उत्पन्न अमुक व्यक्तीने अमुक चाकरीच्या मोबदल्यात घ्यावे, असे लिहून दिलेल्या सरकारी कागदाला आपल्याकडे सनद म्हणत. चार्टर या इंग्रजी शब्दाला मराठीत सनद हाच प्रतिशब्द आहे आणि अमेरिकेतील चार्टर शाळा समजून घेताना तो फार उपयोगी पडतो. तिथेही सरकार एका संस्थेला कागद लिहून देते, त्या कागदाच्या बळावर ती संस्था सरकारी पैशातून शाळा चालवते आणि मोबदल्यात मुलांना काय शिकवायचे व त्याचा पुरावा कसा द्यायचा हे त्याच कागदात नोंदलेले असते. इनामाची सनद मात्र बहुधा पिढ्यानपिढ्या चाले. शाळेची सनद साधारण पाच वर्षांनी संपते आणि ती नव्याने मागावी लागते. या मुदतीतच सगळ्या व्यवस्थेची मेख आहे.

अमेरिकेत शालेय शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे चार्टर शाळांचा एकच देशव्यापी कायदा नाही. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये तेथील सेंट पॉल शहरात अशी पहिली शाळा उघडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने देशातील दुसरा कायदा संमत केला. सुरुवातीला संपूर्ण राज्यात फक्त १०० शाळांना परवानगी होती. १९९८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २५० वर नेली आणि पुढे दरवर्षी आणखी १०० शाळांची मुभा दिली. आज तिथे सुमारे १,३०० चार्टर शाळा आहेत आणि त्यांत सुमारे ७ लाख मुले शिकतात, म्हणजे राज्यातील सरकारी शाळांत जाणाऱ्या दर आठ मुलांमागे जवळजवळ एक. या लेखात कॅलिफोर्नियाच निवडण्याचे कारण हा आकडा आहे. दुसरे कारण असे की सॅन होजे, फ्रीमाँट, सनीवेल या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसमोर चार्टर शाळेच्या सोडतीचा अर्ज कधी ना कधी येतो, आणि तो भरताना बहुतेकांना ही शाळा सरकारी की खासगी हेच नीट ठाऊक नसते.

कायद्याच्या दृष्टीने ती सरकारी शाळाच आहे. तिला शुल्क घेता येत नाही, धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सर्वांसमक्ष सोडत काढावी लागते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांसाठी जशी सोडत निघते तशीच ही, फक्त शाळेतील सर्व जागांना लागू असलेली. शाळा ज्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, हद्दीत असते तेथे राहणाऱ्या मुलांना या सोडतीत प्राधान्य असते. सरकारी पैसा खासगी संस्थेच्या हाती देणे राज्यघटनेत बसते का, असा वाद न्यायालयात गेला होता. तेव्हा १९९९ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने या शाळा सार्वजनिक शालेय व्यवस्थेचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला.

महाराष्ट्रातील वाचकाला इथे अनुदानित खासगी शाळेची आठवण होईल आणि ती तुलना अर्धी बरोबर आहे. दोन्हीकडे शाळा संस्था चालवते आणि खर्च सरकार करते. पण आपल्याकडे सरकार संचमान्यतेने शिक्षकांची पदे मंजूर करते, त्या पदांचा पगार थेट शिक्षकाच्या खात्यात जमा करते आणि वेतनेतर अनुदान वेगळे देते. म्हणजे पैसा पदाच्या मागे जातो. चार्टर शाळेत पैसा मुलाच्या मागे जातो, आणि तोही एकरकमी. त्यातून शिक्षक किती नेमायचे, त्यांना पगार किती द्यायचा, संगणकांवर किती खर्च करायचा आणि इमारतीचे भाडे किती भरायचे, हे संस्थेचे मंडळ ठरवते. आपल्या अनुदानित शाळेला सरकारने मान्यता एकदा दिली की ती काढून घेणे ही क्वचित घडणारी गोष्ट असते. चार्टर शाळेचा मात्र प्रत्येक काही वर्षांनी नव्याने निवाडा होतो.

सनद देणारे कोण

कॅलिफोर्नियातील सरकारी शाळा स्कूल डिस्ट्रिक्टच्या ताब्यात असतात. नगरपालिकेपासून अलग असलेली ही स्वतंत्र स्थानिक संस्था असून तिचे मंडळ मतदारांनी निवडून दिलेले असते. राज्यात असे नऊशेहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत. लॉस एंजेलिसचा डिस्ट्रिक्ट लाखो मुलांचा आहे, तर डोंगराळ भागातील काही डिस्ट्रिक्टमध्ये शंभर मुलेसुद्धा नसतात. त्यांच्यावरच्या पायरीला ५८ काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, शिक्षण मंडळे आणि सर्वांत वर राजधानी सॅक्रामेंटो येथील राज्य शिक्षण मंडळ आहे. आपल्या राज्य मंडळाप्रमाणे ते दहावी-बारावीच्या परीक्षा घेत नाही. धोरण आखणे हे त्याचे काम.

नवी शाळा काढू इच्छिणारा गट सहसा डिस्ट्रिक्टकडे अर्ज करतो. शाळेत अपेक्षित असलेल्या मुलांच्या निम्म्या संख्येइतक्या पालकांच्या, किंवा अपेक्षित शिक्षकांच्या निम्म्या संख्येइतक्या शिक्षकांच्या सह्या अर्जासोबत लागतात. चालू सरकारी शाळेचेच चार्टरमध्ये रूपांतर करायचे असेल तर त्या शाळेतील निम्म्या कायम शिक्षकांनी सही करावी लागते. अर्जात पंधरा बाबींचा खुलासा कायद्याने सक्तीचा केला आहे: काय शिकवणार, मुलांनी काय साध्य करावे, ते कसे मोजणार, कारभार कोण पाहणार, शिक्षकांची पात्रता काय, प्रवेश कसा देणार, मुलाला शाळेतून काढण्याची पद्धत काय, हिशेबतपासणी कशी होणार, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे काय, अशी ती यादी जाते. पंधरावी आणि शेवटची बाब थोडी चमत्कारिक आहे. तिच्याकडे पुढे वळेन.

अर्ज आल्यापासून ६० दिवसांत डिस्ट्रिक्टच्या मंडळाला जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि ९० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नकार देता येतो. मात्र अभ्यासक्रम कच्चा आहे, अर्जदारांना तो राबवता येईलसे दिसत नाही, सह्या पुरेशा नाहीत, अशा कायद्यात दिलेल्या कारणांपैकी कारण दाखवून आणि त्याला तथ्यांचा आधार देऊन लेखी नकार द्यावा लागतो. या कारणांत बराच काळ एक महत्त्वाची गोष्ट नव्हती. नव्या शाळेमुळे आपली तिजोरी रिकामी होईल, असे डिस्ट्रिक्टला म्हणता येत नसे. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी २०१९ मध्ये सही केलेल्या आणि जुलै २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने ते बदलले. आता शाळेच्या विस्ताराने परिसरातील चालू कार्यक्रमांना धक्का बसेल का आणि डिस्ट्रिक्टला तो आर्थिक भार पेलवेल का, हेही विचारात घेता येते.

डिस्ट्रिक्टने नकार दिला तर काउंटीच्या मंडळाकडे अपील करता येते आणि तिथेही नकार मिळाला तर राज्य मंडळाकडे. पूर्वी राज्य मंडळ अर्जाचा मुळापासून विचार करून स्वतः सनद देई आणि सॅक्रामेंटोत बसून शेकडो मैलांवरील शाळेवर देखरेखही करी. २०१९ च्या कायद्याने ही वाट अरुंद केली. आता खालच्या मंडळांनी अधिकाराचा गैरवापर केला का एवढेच राज्य मंडळ तपासते, आणि अपील मान्य झाले तरी देखरेखीसाठी शाळा डिस्ट्रिक्ट किंवा काउंटी यांपैकी एकाकडे सोपवते. देखरेख जवळच्याने करावी हे तत्त्व मला पटते. पण ज्याने नको म्हटले त्याच्याच हाती शाळा देण्यात पुढील पाच वर्षांच्या कुरबुरीची सोय करून ठेवली आहे, हेही नाकारता येत नाही.

कारभार कोणाच्या हाती

बहुतेक चार्टर शाळा ना-नफा संस्था चालवतात. काही शाळा डिस्ट्रिक्टच्याच मंडळाखाली राहून सनदेचे स्वातंत्र्य उपभोगतात, त्यांना परावलंबी चार्टर म्हणतात. पण वादाचा विषय होतात त्या स्वतंत्र संस्थांच्या शाळा. एकेका संस्थेच्या एकाहून अधिक, काहींच्या तर दहा-वीस शाळाही असतात. नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी चार्टर शाळा चालवू नये, असा कायदा २०१८ मध्ये झाला आणि जुलै २०१९ पासून अमलात आला.

संस्थेचे संचालक मंडळ मतदार निवडत नाहीत. संस्थेच्या घटनेत लिहिलेल्या रीतीने सभासद नेमले जातात आणि पुष्कळदा मंडळच पुढील मंडळ निवडते. सनद देणाऱ्या डिस्ट्रिक्टला त्यात आपला एक प्रतिनिधी बसवण्याचा हक्क आहे, पण एकच. मुख्याध्यापकाची नेमणूक, अंदाजपत्रक, शिक्षकांचे पगार, इमारतीचा भाडेकरार हे सगळे निर्णय हे मंडळ घेते आणि त्यासाठी डिस्ट्रिक्टची संमती लागत नाही. सनदेतील मजकुरात महत्त्वाचा बदल करायचा असेल तरच डिस्ट्रिक्टकडे जावे लागते.

या शाळांना राज्याच्या शिक्षणसंहितेतील बहुसंख्य कलमांतून सूट आहे. कल्पना अशी की वर्ग कसा भरवावा हे राज्याने सांगू नये, परिणाम मात्र विचारावा. तरी मुलांची सुरक्षितता, राज्याच्या परीक्षा, अपंग मुलांचे हक्क, वर्षाला किमान १७५ दिवस अध्यापन आणि शिक्षकांची अर्हता यांतून सुटका नाही. शिक्षकांच्या बाबतीत पूर्वी मुख्य नसलेल्या विषयांपुरती सवलत होती. २०१९ नंतर ती काढून सर्वांना राज्याचा परवाना सक्तीचा केला गेला. शिक्षकांना संघटना करण्याचा हक्क आहे, मात्र राज्याच्या शिक्षक निवृत्तिवेतन योजनेत सामील व्हायचे की नाही हे शाळा ठरवते.

सर्वांत लांबलेला वाद पारदर्शकतेचा होता. सार्वजनिक मंडळांच्या बैठका उघड्या असाव्यात असे सांगणारा ब्राउन कायदा, दफ्तर पाहण्याचा नागरिकांचा हक्क आणि हितसंबंधांच्या संघर्षाला आळा घालणारे नियम चार्टर शाळेच्या खासगी संस्थेला लागू होतात का, यावर वर्षानुवर्षे मतभेद राहिले. मंडळाच्या सभासदाने स्वतःचीच इमारत शाळेला भाड्याने द्यावी का, असा साधा प्रश्न त्यामुळे अस्पष्ट राहत असे. मार्च २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने हे सर्व नियम निःसंदिग्धपणे लागू केले. त्यामुळे आता नियमित बैठकीचा विषयपत्रक ७२ तास आधी लावावा लागतो आणि पालकाला उभे राहून बोलता येते. मंडळ नापसंत असेल तर पालक डिस्ट्रिक्टच्या सभासदाला निवडणुकीत पाडू शकतो, चार्टरच्या सभासदाला नाही. त्याच्या हाती उरते ते मूल काढून नेणे. हा उपाय प्रभावी आहे, कारण मुलाबरोबर पैसा जातो. पण ज्या पालकाला जवळपास दुसरी चांगली शाळा नाही त्याच्यासाठी तो कागदावरचाच आहे.

मुदत संपली की निवाडा होतो. राज्य प्रत्येक शाळेची कामगिरी एका फलकावर रंगांनी दाखवते: निळा सर्वांत चांगला, मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी लाल. २०१९ च्या कायद्याने या रंगांवरून चार्टर शाळांच्या तीन श्रेणी केल्या. वरच्या श्रेणीतील शाळेला पाच ते सात वर्षांचे नूतनीकरण मिळू शकते आणि मधल्या श्रेणीतील शाळेला पाच वर्षांचे. खालच्या श्रेणीतील शाळेची सनद नूतनीकरण न करणे हा नियम आहे. सुधारणेची ठोस पावले दिसली तरच तिला दोन वर्षांची संधी देता येते. महासाथीच्या काळात परीक्षाच नीट न झाल्याने फलक कोरे राहिले, तेव्हा विधिमंडळाने चालू सनदांची मुदत कायद्याने वाढवून दिली. मुदतीच्या मध्येही सनद रद्द करता येते, पण पैशाचा गैरव्यवहार, कायद्याचा भंग किंवा सनदेतील अटींचे गंभीर उल्लंघन सिद्ध करावे लागते आणि आधी शाळेला चूक सुधारण्याची संधी द्यावी लागते.

पैसा कोठून आणि कसा

गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या कारकिर्दीत २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने शाळांच्या निधीचे जुने, डझनावारी योजनांत विखुरलेले गणित मोडून एक सूत्र आणले. डिस्ट्रिक्टच्या शाळा आणि चार्टर शाळा दोन्हींना तेच लागू आहे. प्रत्येक मुलामागे इयत्तेनुसार मूळ रक्कम ठरलेली असते. २०२४-२५ मध्ये चौथी ते सहावीसाठी ती १०,१७७ डॉलर होती, सातवी-आठवीसाठी १०,४७८ आणि नववी ते बारावीसाठी १२,१४४ डॉलर. गरीब घरातील, इंग्रजी शिकत असलेल्या किंवा पालनगृहात वाढणाऱ्या मुलांसाठी मूळ रकमेच्या २० टक्के पूरक रक्कम मिळते. शाळेत अशी मुले ५५ टक्क्यांहून अधिक असतील तर त्या मर्यादेवरील हिश्शासाठी मूळ रकमेच्या ६५ टक्के दराने आणखी एक रक्कम मिळते, तिला केंद्रीकरण अनुदान म्हणता येईल.

आता मराठीतील दोन जुने शब्द हाताशी घेऊ: पट आणि हजेरी. कॅलिफोर्नियात पैसा पटावर मिळत नाही, हजेरीवर मिळतो. वर्षभरातील रोजच्या हजेरीची सरासरी काढली जाते आणि मूल तापाने घरी राहिले, वैद्यकीय चिठ्ठीही आणली, तरी त्या दिवसाचा पैसा शाळेला मिळत नाही. उदाहरणासाठी एक काल्पनिक शाळा घेऊ. तिच्या पटावर चौथी ते सहावीची ३०० मुले आहेत आणि सरासरी हजेरी ९४ टक्के आहे. मग पैसा २८२ मुलांचा, म्हणजे २८ लाख ६९ हजार ९१४ डॉलर. गैरहजर राहिलेल्या १८ जणांचे १ लाख ८३ हजार डॉलर बुडाले, जरी शिक्षक आणि बाके ३०० जणांचीच लागली. अमेरिकेतील शाळा एका दिवसाच्या गैरहजेरीनंतर घरी फोन का करते, याचे एक कारण या हिशेबात सापडते.

याच शाळेत ७० टक्के मुले गरीब किंवा इंग्रजी शिकणारी आहेत असे धरू. पूरक रक्कम मूळ रकमेच्या १४ टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख २ हजार डॉलर होईल. केंद्रीकरण अनुदान ५५ च्या वरच्या १५ टक्क्यांवर मिळायला हवे आणि ते सुमारे २ लाख ८० हजार डॉलर भरेल. पण इथे चार्टर शाळांसाठी एक वेगळी अट आहे: शाळा ज्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे तेथील अशा मुलांचे प्रमाण जितके, त्याहून जास्त प्रमाण चार्टर शाळेसाठी धरले जात नाही. डिस्ट्रिक्टमध्ये ते ६० टक्के असेल तर आपल्या शाळेला फक्त ५ टक्क्यांवर पैसे मिळतील, म्हणजे सुमारे ९३ हजार. प्रत्यक्षात मुले तीच, गरजा त्याच, आणि फरक सुमारे १ लाख ८७ हजार डॉलरचा. चार्टर शाळांनी फक्त गरीब मुलांच्या शाळा काढून जास्तीचे अनुदान ओढू नये, हा या अटीमागचा विचार असावा. पण सधन डिस्ट्रिक्टमधल्या गरीब वस्तीत शाळा काढणाऱ्यालाच ती बोचते.

हजेरीच्या नियमात आणखी एक असमानता आहे. मुले कमी झाली तर डिस्ट्रिक्टला चालू वर्षाची, मागील वर्षाची किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरीची हजेरी, यांपैकी सर्वांत मोठा आकडा वापरता येतो. चार्टर शाळेला मात्र चालू वर्षाचीच हजेरी लागू होते. डिस्ट्रिक्टला उतरणीवर ब्रेक आहे, चार्टरला नाही.

एकूण देय रक्कम ठरली की ती तीन वाटांनी येते. पहिला वाटा स्थानिक मालमत्ता कराचा. तो गोळा होतो डिस्ट्रिक्टसाठी, पण चार्टर शाळेतील मुलांच्या हजेरीच्या प्रमाणात डिस्ट्रिक्टला तो दरमहा शाळेकडे वळता करावा लागतो. दुसरा वाटा २०१२ मध्ये मतदारांनी मान्य केलेल्या आणि २०१६ मध्ये मुदत वाढवलेल्या, श्रीमंतांवरील जादा आयकरातून येतो. उरलेली तूट राज्य आपल्या सर्वसाधारण तिजोरीतून भरते. राज्याचा हात इतका मोठा असण्याचे कारण १९७८ सालात आहे: त्या वर्षी मतदारांनी मालमत्ता कर आकारणी मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि शाळांचा भार आपसूक सॅक्रामेंटोवर गेला. पुढे १९८८ मध्ये मतदारांनीच राज्याच्या महसुलातील किमान हिस्सा शिक्षणाला देण्याची हमी घटनेत लिहिली. तो सर्वसाधारण तिजोरीच्या साधारण ४० टक्के भरतो. मंदीच्या काळात राज्याने हे हप्ते उशिरा दिले, तेव्हा शिल्लक नसलेल्या लहान चार्टर शाळांना पगारासाठी व्याजाने पैसे काढावे लागले. नव्या शाळेची उघडतानाची ओढाताण कमी व्हावी म्हणून राज्याचा एक फिरता कर्जनिधी आहे, त्यातून अडीच लाख डॉलरपर्यंत कर्ज मिळते.

डिस्ट्रिक्ट आणि चार्टर यांच्यातील कडवटपणाचे मूळ याच गणितात आहे. एका डिस्ट्रिक्टच्या वीस शाळांतून मिळून शंभर मुले चार्टरकडे गेली, तर प्रत्येक वर्गातून एखाददुसरे मूल कमी होते. त्यामुळे एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही शिक्षक कमी होत नाही, छप्पर तेवढेच गळते आणि बस तितकीच धावते. उत्पन्न मात्र शंभर मुलांचे जाते. चार्टरचे समर्थक म्हणतात की पैसा मुलाचा आहे, डिस्ट्रिक्टचा नाही. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी संप केला, तेव्हा पगार आणि वर्गातील गर्दी यांबरोबर चार्टर शाळांची वाढ रोखावी हीही त्यांची मागणी होती. सनद नाकारताना आर्थिक परिणाम पाहण्याची मुभा देणारा कायदा त्याच वर्षी झाला.

इमारतीचा प्रश्न निराळा आहे. चार्टर शाळेला कर बसवता येत नाही आणि मतदारांकडून इमारत रोख्यांना मंजुरी घेता येत नाही. हे हक्क डिस्ट्रिक्टचे. नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांनी प्रस्ताव ३९ मंजूर केला, त्यात एक सौदा होता: डिस्ट्रिक्टच्या रोख्यांना दोन तृतीयांशाऐवजी ५५ टक्के मते पुरतील, पण डिस्ट्रिक्टमधील किमान ८० मुले असलेल्या चार्टर शाळेला डिस्ट्रिक्टने आपल्या इतर शाळांशी तुल्य अशी जागा द्यावी. शाळेने १ नोव्हेंबरपर्यंत मागणी करायची, डिस्ट्रिक्टने १ फेब्रुवारीपर्यंत प्राथमिक प्रस्ताव द्यायचा आणि १ एप्रिलपर्यंत अंतिम, असे हे दरवर्षीचे चक्र आहे. त्यातून एकाच आवारात दोन शाळा येतात आणि मैदान कोणी कधी वापरायचे, ग्रंथालय कोणाचे, यावरून मुख्याध्यापकांत खटके उडतात. ज्यांना अशी जागा नको असते ते भाड्याने घेतात. गरीब मुलांचे प्रमाण जास्त असलेल्या शाळांना भाड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी राज्याची योजना २००१ पासून आहे.

देखरेखीचा मोबदला

सनद देणारा डिस्ट्रिक्ट देखरेखीसाठी शाळेच्या उत्पन्नाच्या १ टक्क्यापर्यंत शुल्क घेऊ शकतो आणि जवळजवळ बिनभाड्याची जागा दिली असेल तर ३ टक्क्यांपर्यंत. डिस्ट्रिक्टने देखरेख नीट केली असेल तर शाळेची संस्था बुडाली तरी तिच्या कर्जाची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर येत नाही. वरकरणी हे शहाणपणाचे वाटते. पण पाहणाऱ्याचा मोबदला ज्याला पाहायचे त्याच्या उत्पन्नावर अवलंबून ठेवला की काय होते, हे २०१९ मध्ये सॅन डिएगो काउंटीत दिसले.

कॅलिफोर्नियात काही चार्टर शाळा वर्गाबाहेरच्या असतात: मुले घरी किंवा ऑनलाइन शिकतात आणि शिक्षक ठरावीक काळाने त्यांचे काम तपासतो. अशा शाळांना पूर्ण निधी हवा असेल तर उत्पन्नाचा किमान ४० टक्के हिस्सा परवानाधारक शिक्षकांवर आणि ८० टक्के अध्यापनावर खर्च झाला पाहिजे, असा नियम आहे. ए-थ्री नावाच्या संस्थेशी जोडलेल्या १९ ऑनलाइन शाळांनी राज्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले. आरोपपत्रानुसार उन्हाळी खेळांच्या संघांतील मुलांची नावे त्यांच्या घरच्यांना नीट कल्पना न देता पटावर घेतली गेली, संघांना दर मुलामागे पैसे दिले गेले आणि हजेरी फुगवण्यासाठी मुले एका शाळेतून दुसऱ्या शाळेत कागदोपत्री फिरवली गेली. अकरा जणांवर खटला भरला गेला, प्रमुख आरोपींनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत मिळाली. या शाळांना सनदा दिल्या होत्या त्या लहान, ग्रामीण डिस्ट्रिक्टनी. ज्यांच्या स्वतःच्या शाळांत शे-दोनशे मुले, अशांच्या खाती हजारो ऑनलाइन मुलांच्या निधीवरील टक्का जमा होत होता. तपासायला माणसे नव्हती आणि तपासण्यात फायदाही नव्हता. त्यानंतर वर्गाबाहेरच्या नव्या चार्टर शाळांवर राज्याने बंदी घातली आणि तिची मुदत दोनदा वाढवली. दूरच्या डिस्ट्रिक्टकडून सनद घेऊन भलत्याच ठिकाणी केंद्र उघडण्याची पळवाटही २०१९ मध्येच बंद झाली.

सोडतीचा अर्ज भरणाऱ्या पालकाला यातील बरेच काही घरबसल्या तपासता येते. सनद कोणत्या डिस्ट्रिक्टची आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे पहिल्यांदा पाहावे. मूल सहावीत जाणार असेल आणि सनद त्याच्या सातवीत संपणार असेल तर फलकावरील रंगांना फार अर्थ येतो. शाळेला दरवर्षी १ जुलैपूर्वी आपल्या उद्दिष्टांचा आणि खर्चाचा आराखडा जाहीर सुनावणी घेऊन मंजूर करावा लागतो, आणि १५ डिसेंबरपर्यंत स्वतंत्र लेखापरीक्षकाचा अहवाल डिस्ट्रिक्ट, काउंटी व राज्याकडे पाठवावा लागतो. त्या अहवालात भाडे कोणाला दिले जाते आणि हातात शिल्लक किती महिन्यांची आहे, ही दोन उत्तरे शोधावीत.

आणि राहिली ती पंधरावी बाब. शाळा उघडण्यापूर्वी, पहिले मूल दाखल होण्यापूर्वी आणि पहिला फळा टांगण्यापूर्वी अर्जदारांना लिहून द्यावे लागते की ही शाळा बंद पडली तर ती कशी बंद करायची: शेवटचा हिशेब कोण तपासणार, उरलेली मालमत्ता आणि देणी यांची विल्हेवाट कशी लावणार, आणि मुलांची दफ्तरे कोण सांभाळून पुढील शाळेकडे पाठवणार.